कुणी वाट पाहत नसताना

कादंबरी कुणी मागितलेली नसते. लेखामागे संपादकाचा फोन असतो. नाटकाला तालमीची तारीख असते आणि नटमंडळी डोक्यावर बसलेली असतात. कवितेलासुद्धा एखाद्या कार्यक्रमाचं निमित्त मिळून जातं. पहिली कादंबरी लिहिणाऱ्याच्या मागे मात्र कुणीच लागलेलं नसतं. आज लिहिलं नाही तर कुणाचं काही अडत नाही, उद्या लिहिलं नाही तरी नाही. पुढची दोनतीन वर्षं लिहिलंच नाही, तर ते कुणाला कळणारसुद्धा नाही. लेखनाविषयी बोलताना आपण प्रतिभा, शैली, अनुभवविश्व असं बरंच काही बोलतो. मला विचाराल तर कादंबरीकाराची मुख्य अडचण याहून फार साधी आहे. जे कुणालाच नको आहे, ते रोज उठून करत कसं राहायचं?

मी लेखापरीक्षणात नोकरी करते. तिथे प्रत्येक कागदाची कुणी ना कुणी वाट पाहत असतं. आक्षेप काढला की उत्तराला मुदत, उत्तर आलं की अनुपालनाला मुदत. मुदत टळली की स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, मग वरिष्ठांच्या सहीचं अर्धशासकीय पत्र. दिवसभर या तगाद्यात राहायचं आणि रात्री घरी वही उघडायची. तिथे स्मरणपत्र पाठवणारं कुणी नाही. सुरुवातीला या मोकळेपणाचं मला कोण अप्रूप होतं! पुढे पुढे त्याच मोकळेपणाची धास्ती वाटायला लागली. कारण तगादा नसलेलं काम मागे पडतं हे मी ऑफिसात रोज बघत होते, आणि माझ्या घरातलं सगळ्यात मागे पडू शकणारं काम हेच होतं.

‘प्रेरणा कुठून मिळाली?’ हा प्रश्न प्रत्येक लिहिणाऱ्याला विचारतात. काही लेखक त्याला वैतागतात. मी वैतागत नाही, कारण माझ्याकडे त्याचं अगदी नेमकं उत्तर आहे. बँकेत माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांची सही जुळत नव्हती. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. तिने कोरा कागद पुढे केला, ‘काका, घाई नाही, सावकाश करा,’ म्हणाली. त्यांनी केली. जुळली नाही. पुन्हा केली, या वेळी जास्त काळजीपूर्वक, त्यामुळे आणखीच वेगळी. रांगेत चुळबुळ सुरू झाली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि जरा पुढे वाकून हळूच विचारलं, ‘जुनी कशी आहे, बघू का एकदा?’ ती मुलगी काही क्षण गप्प झाली. तिच्यासमोर स्क्रीनवर ती सही होती. पण दाखवायची नाही हा नियम होता.

ते कागद घेऊन निघून गेले. मी माझं काम करून बाहेर आले आणि पायऱ्यांवरच उभी राहिले. आपलीच सही आपल्याला नक्कल करून हवी आहे आणि ती बघायची आपल्याला परवानगी नाही, या माणसाचं घरी गेल्यावर काय होत असेल? ते कुणाला सांगत असतील? की सांगतच नसतील?

आता गंमत अशी की हा प्रसंग माझ्या कादंबरीत नाही. होता, बरेच खर्डे होता. शेवटच्या खर्ड्यात गेला. का गेला ते पुढे येईलच. पण प्रेरणेविषयी माझं जे काही मत झालंय ते यावरून झालंय. प्रेरणा तुम्हाला खुर्चीत बसवते. बसल्यावर ती फारशी कामाला येत नाही. सहीवाले काका मला पहिल्या चाळीसेक पानांपर्यंत पुरले. पुढे त्यांना एक मुलगी लागली, मुलीला नोकरी लागली, घराच्या कागदपत्रांचा घोळ लागला, एक चुलतभाऊ लागला. यातलं एकही माणूस मला कुठे भेटलेलं नव्हतं.

सुरुवात सगळ्यांनाच जमते, असं माझं निरीक्षण आहे. शेवटही, तिथवर पोचलात तर, बहुतेक जमतो. कादंबऱ्या मरतात त्या मधे. शंभराव्या पानाच्या आसपास सुरुवातीची झिंग उतरलेली असते, शेवट दिसत नसतो, आणि लिहिलेलं इतकं असतं की टाकवत नाही. या टप्प्यावर माझ्या नायकाची मुलगी बापाच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात पाकीट, पाकिटात घरविक्रीचे कागद, त्यावर बापाची सही हवी. एवढं लिहून मी उठले आणि ऑफिसात तपासणीचा दौरा लागला. दौऱ्यामागून अहवाल, अहवालामागून घरातलं एक आजारपण. मधे कित्येक आठवडे गेले. ती बाई तेवढा सगळा वेळ दारात उभी. परत वही उघडली तेव्हा तिचा हात कडीवर होता आणि ती कशासाठी आलीय हे मला पानं चाळून शोधावं लागलं. ते सापडलं. पण ती रागावून आलीय की घाबरून, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं आणि मी ते विसरले होते.

कादंबरीत खंड पडतो तेव्हा असं होतं. कथानक हरवत नाही, ते वहीत असतं. माणसांचा आवाज हरवतो. तो परत कानावर यायला मागची पन्नास पानं वाचावी लागतात, आणि पन्नास पानं वाचायला जो वेळ लागतो त्यात त्या दिवशीचं लिहिणं संपतं. म्हणून रोज थोडं का होईना लिहावं, असं सगळे सांगतात. त्यामागे शिस्तीचं पावित्र्य वगैरे काही नाही. रोज लिहिलं की वाचायला कमी लागतं, इतकाच हिशेब.

हा हिशेब सगळ्यात बेधडकपणे मांडला तो अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराने. गृहस्थ टपाल खात्यात अधिकारी. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, साडेआठला उठायचा. वेळेवर उठवण्यासाठी एका म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा. समोर घड्याळ, आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द. सुरुवातीचा अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात. टपालाच्या कामासाठी आगगाडीने फिरावं लागे तर मांडीवर पाटी घेऊन पेन्सिलीने लिही, आणि त्याची बायको ते शाईने उतरवून काढी. नोकरी १८६७पर्यंत केली आणि आयुष्यभरात ४७ कादंबऱ्या लिहिल्या. हे सगळं त्याने आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवलं. ते १८८३मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं आणि लोक नाराज झाले. कलावंत असा कारकुनासारखा काम करतो म्हणजे काय! माझ्यासारख्या कारकुनाला मात्र त्या पानांनी जेवढा धीर दिला तेवढा दुसऱ्या कुठल्या साहित्यचिंतनाने दिला नाही. कुणी वाट पाहत नाही ना? मग घड्याळाला वाट पाहायला लावा.

रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीची तऱ्हा उलटी. त्याची वाट पाहणारा सावकाराहून वाईट होता. स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी कर्जापायी केलेल्या कराराप्रमाणे १ नोव्हेंबर १८६६पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं सगळं लेखन फुकट छापायचा हक्क त्या प्रकाशकाला मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ नाही. ‘गुन्हा आणि शिक्षा’चे हप्ते एकीकडे मासिकात चाललेच होते. शेवटी अ‍ॅना नावाची वीस वर्षांची लघुलेखिका मदतीला आली आणि २६ दिवसांत त्याने ‘जुगारी’ तिला सांगून लिहून काढली. मुदतीच्या दिवशी प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर निघून गेला, तेव्हा हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून पोच घेतली. पुढच्या वर्षी दोस्तोयेव्हस्कीने अ‍ॅनाशी लग्न केलं. लोकांना या गोष्टीतलं लग्न आवडतं. मला ती पोच आवडते. लेखापरीक्षणाच्या भाषेत बोलायचं तर त्या सगळ्या व्यवहारात तेवढाच एक कागद चोख होता.

आपल्याकडे हरी नारायण आपट्यांनी आपली सोय स्वतःच करून घेतली होती. १८९०मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यात क्रमशः छापली. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहतोय, अंक आपणच काढतोय, म्हणजे प्रकरण द्यायलाच हवं. याची किंमतही दिसते. हरिभाऊंचा पाल्हाळ हा टीकाकारांचा जुनाच विषय आहे, आणि आठवड्याच्या आठवड्याला मजकूर पुरवताना मागे जाऊन कापाकापी करायची सोय नसते. पण यमुनेच्या तोंडून ती सगळी हकीगत ज्या ओघाने येते, तो ओघ दर आठवड्याला कुणीतरी ऐकतंय या खात्रीशिवाय आला असता का, अशी मला शंका आहे.

माझ्याकडे साप्ताहिक नव्हतं, कर्जही तेवढं नव्हतं. मी ट्रोलपचा मार्ग धरला, अर्थात बराच पातळ करून. ऑफिसला निघण्याआधीचा तास. शब्द मोजले नाहीत. मोजायला लागले की मी क्रियाविशेषणं वाढवते. उठताना वहीत खाली एक ओळ लिहायची: उद्या काय. ‘उद्या: ती पाकीट बाहेर काढत नाही.’ ‘उद्या: चुलतभाऊ खोटं बोलतोय, पण चांगल्यासाठी.’ पुढे काय होणार हे माहीत असतानाच उठावं, असं हेमिंग्वे सांगायचा. ते खरंच कामाला येतं. काहीजण त्यापुढे जाऊन वाक्य अर्धवट सोडून उठतात म्हणे. मी तेही करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मला ओळखच दाखवत नव्हतं.

आणि एक केलं: कुणाला वाचायला दिलं नाही. घरी नाही, मैत्रिणींना नाही. यात गुपिताची हौस नव्हती. अर्धी कादंबरी वाचून माणूस चांगलं बोलला की ती त्याला आवडेल अशी लिहिली जाते, आणि वाईट बोलला की लिहिलीच जात नाही.

कादंबरी झाली. आता वाट पाहण्याची पाळी माझी.

प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवल्यावर काय होतं, याची नव्या लेखकाला काही कल्पना नसते. त्याला वाटतं, कुणीतरी पाकीट फोडलं असेल आणि वाचायला बसलं असेल. प्रत्यक्षात ते एका गठ्ठ्यात जातं. गठ्ठ्यातून निवडून ते बाहेरच्या एखाद्या वाचकाकडे अभिप्रायासाठी जातं, तो वाचक त्याच्या सवडीने वाचतो, मग अभिप्राय, मग चर्चा, मग यंदाची पुस्तकं ठरलेली असतात म्हणून पुढच्या वर्षीवर. एका प्रकाशनाकडून मला काहीच कळलं नाही. दुसरीकडून छापील पत्र आलं, त्यात माझं आडनाव चुकलं होतं. तिसरीकडे फोनवर ‘वाचतोय’ हे उत्तर इतका काळ मिळत राहिलं की शेवटी मीच फोन करणं सोडलं. नकाराचा त्रास होतो हे खरं. पण मौनाचा जास्त होतो. नकार आला की निदान पाकीट दुसरीकडे पाठवता येतं.

या मौनाचा सगळ्यात संतापजनक दाखला जेन ऑस्टेनचा आहे. १८०३मध्ये तिची ‘सुझन’ ही कादंबरी लंडनच्या क्रॉस्बी नावाच्या प्रकाशकाने दहा पौंडांना विकत घेतली. जाहिरातसुद्धा केली. आणि छापली नाही. सहा वर्षांनी, १८०९मध्ये, ऑस्टेनने टोपणनावाने पत्र लिहिलं: हस्तलिखित हरवलं असेल तर दुसरी प्रत देते, नाहीतर मी दुसरीकडे जाते. टोपणनाव तिने मुद्दाम असं बेतलं होतं की आद्याक्षरांची सही ‘एम. ए. डी.’, म्हणजे ‘मॅड’ अशी व्हावी. प्रकाशकाचं उत्तर: कधी छापायचं ते करारात लिहिलेलं नाही, दुसरीकडे छापाल तर थांबवू, हवी तर दहा पौंड भरून परत न्या. तेव्हा तिच्याकडे ते सहज नव्हते. १८१६मध्ये तिच्या भावाने पैसे भरून हस्तलिखित सोडवलं, आणि कुटुंबात सांगितली जाणारी गोष्ट अशी की सौदा झाल्यावरच त्याने प्रकाशकाला सांगितलं, मधल्या काळात जी लेखिका गाजली, तिचीच ही कादंबरी बरं का. ‘नॉर्थेंगर अ‍ॅबी’ या नावाने ती बाजारात आली १८१७च्या डिसेंबरात. ऑस्टेन जुलैतच गेली होती.

करार वाचताना मला हे प्रकरण हटकून आठवतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९मध्ये यावर तोड आहे: हक्क लिहून घेतलेल्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते हस्तांतरण रद्द झालं असं धरतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानतात. ‘वेगळं काही लिहिलेलं नसल्यास’ हे चार शब्द फार महत्त्वाचे. करारात वेगळंच लिहिलेलं असू शकतं, आणि पहिल्या पुस्तकाच्या आनंदात लेखक शेवटच्या पानावर सही करतो, मधली पानं वाचत नाही. मी वाचली. पोटापाण्याचा धंदाच तो. प्रकाशक हसले, म्हणाले, ‘ताई, असं कुणी वाचत नाही हो.’

हे शेवटी भेटलेले प्रकाशक. त्यांच्याकडे एक संपादक होते, वयाने मोठे, फोनवर मोजकंच बोलणारे. संपादक म्हटल्यावर मराठीत श्री. पु. भागवतांचं नाव निघतंच. त्यांनी लेखकांबरोबर हस्तलिखितांवर किती बारकाईने काम केलं, याच्या हकिगती लेखकांनीच सांगून ठेवल्या आहेत. ती माणसं आणि तो निवांतपणा आता सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला असा माणूस आला हे मी नशीबच समजते. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, ‘बँकेचा प्रसंग चांगलाय.’ मी खूश. ‘काढून टाका.’

का, म्हणून विचारलं. म्हणाले, ‘त्यात तुम्ही सगळं सांगून टाकलंय. सही जुळत नाही हे वाचकाला पहिल्या प्रकरणात कळलं, तर मुलगी पाकीट घेऊन दारात येते तेव्हा त्याला काही होत नाही. बँक काढा, म्हणजे तिच्याबरोबरच त्यालाही कळेल.’ मी वाद घातला. हा प्रसंग नसता तर ही कादंबरीच नसती, असं म्हटलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘ते तुमचं कारण झालं. वाचकाचं कुठलं?’

दोनतीन दिवस चिडचिडीत गेले. मग मी बँकेशिवाय सगळं हस्तलिखित सलग वाचलं. दारातली बाई पहिल्यांदाच मला भीतिदायक वाटली.

छपाईचा टप्पा बहुतेक लेखक दोन ओळींत सांगतात. माझं मात्र तिथे मन रमलं. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. माझी पानं भरली ३०७. १९ फॉर्मची ३०४ होतात, म्हणजे तीन पानांसाठी विसावा फॉर्म. प्रकाशकांनी विचारलं, ‘तीन पानं कमी होतील का?’ प्रुफं घेऊन बसले. तीन पानं कमी करायची म्हणजे प्रसंग कापायचा असं मला वाटलं होतं, पण अक्षरजुळणी करणाऱ्याने वेगळीच वाट दाखवली. ज्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर चारपाच ओळीच उरल्यात, तिथे मागच्या पानांतून तेवढ्या ओळी कमी केल्या की अख्खं पान वाचतं. आणि ओळ कमी करायची तर परिच्छेदाच्या शेवटी एकटाच पडलेला ‘होता’ शोधायचा. आधीच्या वाक्यातला एखादा ‘अगदी’, एखादा ‘जणू’, एखादा ‘त्या वेळी’ काढला की ‘होता’ वरच्या ओळीत जातो. मी अशी प्रकरणं हुडकून काढली आणि ‘होता’ वर ढकलत बसले. एकही प्रसंग गेला नाही, आणि गेलेल्या ‘अगदी’ची मला आजवर आठवण झालेली नाही. संपादकांनी विचारलं, ‘हे आधीच का नाही काढलंत?’

पुस्तक आलं. समारंभ वगैरे झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. परीक्षणं थोडी आली, त्यातलं एक पुस्तक न वाचता लिहिलेलं होतं आणि तेच सगळ्यात स्तुतीचं होतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पूर्ण वाचून सांगितलं, ‘मॅडम, त्या चुलतभावाची तारीख जुळत नाही.’ ते बरोबर वाचत होते. तारीख खोटी होती, कारण चुलतभाऊ खोटं बोलत होता. असा वाचक मिळाल्यावर मला परीक्षणांचं काही वाटेनासं झालं.

खरा पेच त्यानंतर आला, आणि त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. प्रकाशकांचा फोन: ‘ताई, पुढची कधी?’ इतकी वर्षं जे हवं होतं ते हेच ना? कुणीतरी वाट पाहतंय. मी उत्साहात तारीख दिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा तो तास ऑफिससारखा झाला. पात्रं हजेरी लावल्यासारखी यायची, सांगितलेलं बोलायची, निघून जायची. माझी आपली एक शंका: हरिभाऊंना आणि दोस्तोयेव्हस्कीला तगादा मानवला, कारण त्यांच्या गोष्टी आत साठलेल्या होत्या. तगाद्याने साठलेलं बाहेर येतं, नसलेलं तयार होत नाही. फोन करून मी तारीख मागे घेतली. ते म्हणाले, ‘बरं, झालं की सांगा.’ त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसावं, त्यांच्याकडे गठ्ठा आहेच.

सध्या दोन भावांचं चाललंय. धाकटा थोरल्याकडे मुक्कामाला आलाय, दोघांना एकच गोष्ट बोलायची आहे आणि दोघंही क्रिकेटवर बोलतायत. पहिल्यांदा विषय कोण काढणार ते मला ठाऊक नाही. थोरला काढेल असं गेल्या आठवड्यापर्यंत वाटत होतं. काल धाकट्याने उगाचच टीव्हीचा आवाज कमी केला, आणि वहीत खाली मी लिहून ठेवलंय, ‘उद्या: थोरला आवाज वाढवतो.’